सशाच्या डोळ्यात न घालता आय इरिटेशनचा डेटा मिळतो का? युरोपला माल पाठवायचाय

खेडची_केमिस्ट:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण अडकलेय म्हणून सगळं नीट सांगते.

मी लोटे एमआयडीसीत एका छोट्या केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला आहे, आणि कंपनी छोटी असल्यामुळे रेग्युलेटरीचं कामही माझ्याच गळ्यात. आमचा एक डाय इंटरमिजिएट आहे, म्हणजे रंग बनवताना लागणारा मधल्या टप्प्यातला पदार्थ, पिवळसर नारंगी पावडर. जर्मनीतल्या कस्टमरने सॅम्पल पास केलंय, वर्षाला साधारण सहा टन उचलतो म्हणतोय. आता त्यांचा मेल आलाय की रीच, म्हणजे युरोपच्या रसायनांच्या कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागणार, तर स्किन इरिटेशन, आय इरिटेशन, सेन्सिटायझेशन (त्वचेची ॲलर्जी होते का), ॲक्यूट ओरल (एकदाच पोटात गेलं तर किती विषारी) असा सगळा डेटा द्या. साहेबांनी ओळखीच्या लॅबकडून कोटेशन मागवलं, त्यात स्किनला तीन ससे, डोळ्याला तीन ससे, सेन्सिटायझेशनला गिनीपिग आणि ओरलला उंदीर. साहेब म्हणाले बरोबर दिसतंय, पीओ (परचेस ऑर्डर) काढून टाक.

पीओवर सही माझी असणार आणि माझा हातच चालत नाहीये. एमएस्सीला असताना मी एका लॅबमध्ये ट्रेनिंगला होते, तिकडे ॲनिमल हाऊसमध्ये एकदा नेलं होतं. पांढरे ससे ओळीने खोक्यात, फक्त डोकी बाहेर, एक डोळा स्वच्छ आणि दुसरा सुजून लाल झालेला, पापणीतून चिकट पाणी येतंय. एक मुलगा रजिस्टर घेऊन प्रत्येकाचा स्कोअर लिहीत होता. एकही ससा आवाज करत नव्हता. मला ते गप्प असणंच सहन झालं नाही, तीन दिवस जेवण गेलं नव्हतं. मी नॉनव्हेज खाते, मासे तर रोजचे, म्हणजे मी काही फार सोवळ्यातली आहे असं नाही, पण ते वेगळं वाटतं मला.

तर प्रश्न असे की सशांशिवाय हे कायद्याने चालतं का, चालत असेल तर आपल्याकडच्या लॅबचा रिपोर्ट युरोपात घेतात का, आणि आमची पावडर रंगीत आहे त्याने काही बिघडतं का. साहेबांना पटेल असं उत्तर हवंय, नुसतं दया दाखवा म्हणून ते ऐकणार नाहीत.

*

ऱ्हाईनकाठ:

ताई, आधी तो पीओ थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

मी इकडे जर्मनीत रीचचंच काम करतो, मूळचा सांगलीचा. तुमचं सहा टन म्हणजे वर्षाला १ ते १० टनाचा पट्टा, त्याला कायद्याचं परिशिष्ट ७ लागतं. २०१६ साली हे परिशिष्ट बदललं. तेव्हापासून या पट्ट्यात स्किन आणि आय इरिटेशनसाठी मागतातच ती पेशींवरची टेस्ट, ससा मागतच नाहीत. सेन्सिटायझेशनलाही आधी पेशी आणि रसायनावरच्या टेस्ट, त्या लागूच पडत नसतील तर मग उंदराच्या लिम्फ नोडची टेस्ट, आणि गिनीपिग तर अगदीच काही खास कारण असेल तरच. म्हणजे तुम्हाला आलेलं कोटेशन दहा वर्षांपूर्वीच्या साच्यातलं आहे. साहेबांना हे सांगा की कलम २५ प्रमाणे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरची टेस्ट हा शेवटचा उपाय, बाकी सगळे रस्ते संपल्यावरचा. गरज नसताना सशांवर केलेली स्टडी घेऊन तुमचा माणूस हेलसिंकीच्या एजन्सीपुढे, म्हणजे युरोपच्या रसायन संस्थेपुढे गेला तर पहिला प्रश्न हाच येणार की का केली. दया राहू दे बाजूला, हा पैसा वाया जाणार आहे.

त्याच्याही आधी दोन गोष्टी बघायच्या.

एक, हा पदार्थ आधीच कोणी रजिस्टर केलाय का. रजिस्ट्रेशनच्या आधी एजन्सीकडे इन्क्वायरी टाकायची असते, त्यात कळतं. कोणी केलं असेल तर प्राण्यांवरचा डेटा परत तयार करायला बंदीच आहे, जो आहे तो खर्चात वाटा देऊन वापरायचा. भारतातली कंपनी थेट रजिस्टर करू शकत नाही, एकतर तुमचा कस्टमर इंपोर्टर म्हणून करेल किंवा तुम्ही इकडे ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे तुमच्या वतीने रजिस्टर करणारा युरोपातला प्रतिनिधी नेमायचा.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. तुम्ही स्वतःच त्याला इंटरमिजिएट म्हणताय. कस्टमर त्याच्यापासून दुसरा पदार्थ बनवणार असेल आणि सगळं बंदिस्त सिस्टीममध्ये, कडक नियंत्रणात होत असेल तर कलम १८ खाली नवीन टेस्टच लागत नाहीत, असलेली माहिती दिली की झालं. एकही प्राणी नाही, एकही पेशी नाही. पण ते कस्टमरने लेखी द्यावं लागतं की आम्ही तसंच वापरतो. आजच मेल टाका.

*

पेशीवाला_पुणे:

ऱ्हाईनकाठ यांनी कायद्याचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी टेस्टचं सांगतो. पुण्यात एका लॅबमध्ये इन व्हिट्रो टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे प्राण्याऐवजी पेशींवर विषारीपणा तपासणं, हेच माझं काम आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

सगळ्यात आधी तुमच्या क्यूसीतच पीएच बघा, पावडर पाण्यात घालून. पीएच २ किंवा खाली, नाहीतर ११.५ किंवा वर आला तर तो पदार्थ त्वचा जाळणारा धरूनच चालतात, बफरिंग किती आहे, म्हणजे तो पीएच किती टिकून राहतो ते पाहून, आणि त्वचा जाळणारा असेल तर डोळ्याला गंभीर इजा करणारा हेही ओघानेच आलं. पीएच मीटरवर दहा मिनिटांत जे कळतं त्यासाठी पूर्वी सशाच्या डोळ्यात ०.१ ग्रॅम घातलं जायचं.

पीएच मधला आला तर स्किनसाठी ओईसीडी ४३९ ही टेस्ट. ओईसीडी ही अनेक देशांची संघटना, तिने ठरवलेल्या टेस्ट पद्धतींचे हे नंबर. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली माणसाची कातडी दात्याच्या परवानगीने घेतात, त्यातल्या केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी वेगळ्या करून तळाला बारीक जाळी असलेल्या छोट्या पेल्यात वाढवतात. खालून पोषक द्रव आणि वरून हवा. हवा लागली की पेशींना वाटतं आपण अंगावरच आहोत, आणि त्या एकावर एक थर रचत जातात, सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा कडक थरसुद्धा येतो. अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या आसपासचा हा तुकडा. त्यावर तुमची पावडर ठेवायची, मॉडेलप्रमाणे पंधरा मिनिटं ते तासभर, मग धुऊन टाकायची आणि ४२ तास तसंच वाढू द्यायचं. नंतर एमटीटी नावाचा पिवळा डाय घालायचा, जिवंत पेशी त्याचं जांभळट निळं फॉर्माझान करतात, मेलेल्या करत नाहीत. ते आयसोप्रोपेनॉलमध्ये काढून ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचं. साधं पाणीदार बफर लावलेल्या तुकड्याच्या तुलनेत निम्म्या किंवा कमी पेशी जगल्या तर इरिटंट, निम्म्याहून जास्त जगल्या तर नाही. सोबत ५ टक्के एसडीएस (साबणासारखं रसायन) लावलेला तुकडा असतोच, तो मेलाच पाहिजे, नाही मेला तर अख्खा रन बाद.

आता तुमचा रंग. बिघडतं का तर बिघडू शकतं, पण त्यावर उपाय आहेत. पावडर तुकड्यात मुरून राहिली आणि आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरली तर रीडिंगमध्ये तिचा रंग मिसळतो आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. म्हणून रंगीत पदार्थाला एक जादा कंट्रोल लावतात, पावडर लावलेला पण एमटीटी न घातलेला तुकडा. पिवळा नारंगी रंग ५७० पासून बराच लांब असतो त्यामुळे तुमचं त्रासाचं काम असेल असं वाटत नाही. दुसरं म्हणजे काही पदार्थ स्वतःच एमटीटीला निळं करतात, पेशी नसल्या तरी. ते तपासायला पावडर नुसत्या एमटीटीच्या द्रावणात टाकून ठेवायची, निळी पडली तर मारून ठेवलेल्या तुकड्यांवर वेगळा कंट्रोल लागतो. रंग फारच गडद असेल तर फॉर्माझान एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर वेगळं काढून मोजतात. लॅबला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते तयारीत राहतील.

डोळ्यासाठी ४९२, तोच प्रकार पण तुकडा कॉर्नियासारखा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासारखा. आम्ही वापरतो त्या मॉडेलमध्ये ६० टक्क्यांहून जास्त पेशी जगल्या तर लेबलची गरज नाही. कमी जगल्या तर गंभीर आहे की मध्यम हे ठरवायला पुढची टेस्ट लावावी लागते, उदाहरणार्थ कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या डोळ्यांचे कॉर्निया वापरून, ज्यात कॉर्निया किती गढूळ झाला आणि त्यातून रंग किती आरपार गेला ते मोजतात. आपल्याकडे ते डोळे काही तासांत ताजे लॅबपर्यंत पोचवणं हीच कसरत असते.

सेन्सिटायझेशनला तीन टेस्ट आहेत, ॲलर्जी कशी होते त्याच्या तीन पायऱ्या धरून बनवलेल्या. पहिलीत पेशीसुद्धा नाहीत, नुसता पेप्टाइडचा तुकडा आणि तुमचा पदार्थ २४ तास एकत्र ठेवायचे आणि किती पेप्टाइड अडकला ते एचपीएलसीवर बघायचं, कारण त्वचेतल्या प्रथिनाला चिकटणं हीच ॲलर्जीची सुरुवात. दुसरीत केराटिनोसाइट पेशी, त्यांच्यात असं जनुक बसवलंय की धोका वाटला की त्या चमकतात. तिसरीत रक्तातल्या पेशींची एक लाइन, तिच्यावर दोन खुणा उगवतात का बघायचं. तीनपैकी दोन जे म्हणतील ते उत्तर, २०२१ पासून ओईसीडी ४९७ मध्ये हे लेखी आलंय. इथेही रंगाचं बघा, पहिल्या टेस्टमध्ये २२० नॅनोमीटरला मोजतात, तुमच्या पदार्थाचा पीक पेप्टाइडच्या पीकवर बसला तर वाचता येत नाही.

रिपोर्ट युरोपात चालतो का, तर हो. भारत २०११ पासून ओईसीडीच्या डेटा एकमेकांचा मान्य करण्याच्या करारात पूर्ण सदस्य आहे, जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) लॅबचा रिपोर्ट तिकडे घ्यावाच लागतो. फक्त लॅबचं जीएलपी सर्टिफिकेट मागून घ्या आणि त्याच्या स्कोपमध्ये इन व्हिट्रो टेस्ट आहेत का ते डोळ्यांनी वाचा. नुसतं जीएलपी लॅब म्हणाले म्हणून विश्वास ठेवू नका.

*

निसर्गवेडी_सातारा:

पण भारतात तर प्राण्यांवर टेस्टिंग २०१४ पासूनच बंद झालंय ना? मग लॅबने असं कोटेशन दिलंच कसं, तक्रार करायला पाहिजे.

*

निवृत्त_पशुवैद्य:

निसर्गवेडी, बंद झालंय ते फक्त कॉस्मेटिक्सचं. मे २०१४ मध्ये देशात टेस्ट करायला बंदी आली आणि त्याच वर्षी बाहेरून टेस्ट करून आणलेला माल विकायलाही. औषधं, कीटकनाशकं, कारखान्यातली रसायनं यांना ती बंदी लागू नाही. लॅबने बेकायदा काही केलं नाही, जुन्या सवयीने केलं.

मी एका कंपनीच्या ॲनिमल हाऊसमध्ये बरीच वर्षं पशुवैद्य होतो, म्हणून या मुलीने जे पाहिलं ते मी रोज पाहिलंय. ती म्हणते ससे गप्प होते, ते खरंच आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखलं तर तो आणखी गप्प होतो. किंचाळतो तो अगदी शेवटच्या टोकाला, आणि ते ज्याने एकदा ऐकलंय तो विसरत नाही. नीट धरला नाही आणि त्याने मागचे पाय जोरात झाडले तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, एक हात छातीखाली आणि एक हात बुडाखाली.

डोळ्याची ती टेस्ट अमेरिकेत १९४४ साली ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने बसवली. एका डोळ्यात औषध, दुसरा मोकळा, १, २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज, गढूळपणा याला आकडे द्यायचे आणि गरज पडली तर २१ दिवस बघत बसायचं. डोळा सुन्न करायचं औषध आणि वेदनाशामक सक्तीने द्यायचा नियम २०१२ मध्ये आला. मी काम केलं त्यातल्या बहुतेक काळात काहीच देत नव्हतो, दिलं तर रिझल्ट बदलेल म्हणायचे.

आणि मी डॉक्टर म्हणून सांगतो, सशाचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. त्याला तिसरी पापणी असते, पाणी कमी येतं, तो पापणी फार क्वचित मिटतो, त्यामुळे घातलेली वस्तू धुऊन जात नाही. वर ते आकडे देणारा माणूस. मला जी लाली दोन वाटायची ती शेजारच्याला एक वाटायची. १९७१ साली वीसहून जास्त लॅबना तेच पदार्थ देऊन हे तपासलं होतं, एकाच पदार्थाला एक लॅब काहीच नाही म्हणतेय आणि दुसरी तीव्र म्हणतेय अशी गत होती. त्याच आकड्यांना आपण पुढे कित्येक वर्षं सोनं मानून चाललो.

आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा, पण जरब बसली ती १९९८ च्या नियमांनी. त्याआधी किती प्राणी आले आणि किती गेले याचा नीट हिशेबही कुठे कुठे नसायचा. नंतर एथिक्स कमिटी आली, बाहेरचा सदस्य आला, प्रयोगाची परवानगी मागायचा फॉर्म बी आला. त्या फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की हे प्राण्याशिवाय का होत नाही. मी त्या मीटिंगांना बसलोय. खरं सांगायचं तर तो रकाना बहुतेक वेळा एका ओळीत भरलेला असायचा आणि आम्हीही पुढे जायचो. आता विचार करतो तेव्हा वाटतं त्या रकान्यावर दहा मिनिटं जास्त घालवली असती तर किती पिंजरे रिकामे राहिले असते.

बदल होतो पण, मी बघितलाय. सलाइनच्या बाटल्यांची ताप टेस्ट सशांवर व्हायची, ससे अडकवून ठेवायचे, कानाच्या शिरेत इंजेक्शन द्यायचं आणि तीन तास गुदद्वारातला थर्मामीटर वाचत बसायचं, ताप चढला तर बॅच नापास. इंडियन फार्माकोपियाच्या २०१८ च्या आवृत्तीत ती बदलून एंडोटॉक्सिनची, म्हणजे बॅक्टेरियातल्या ताप आणणाऱ्या विषाची नळीतली टेस्ट आणली. ती चालते हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तावर, म्हणजे तिथेही एक प्राणी आहेच, ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो तो. पण त्यातला कामाचा घटक आता क्रॅबशिवाय प्रयोगशाळेत बनवता येतो. एक दार उघडलं की पुढचं दिसतं.

मुली, तू सही करू नकोस.

*

फार्मा_तीस_वर्षं:

मी विरोधाला विरोध करत नाहीये, सशाचा डोळा जाऊ दे, पटलं. पण इथे वाचून कोणाला वाटायला नको की सगळंच डिशमध्ये होतं. डिशमधल्या पेशीला लिव्हर नसतं, किडनी नसते. पदार्थ पोटात गेल्यावर लिव्हर त्याचं काय करतं, सहा महिने रोज थोडं थोडं गेलं तर काय होतं, पोटातल्या बाळाला काय होतं, हे एका तुकड्यावर कसं कळणार? १९३७ ला अमेरिकेत सल्फाचं औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं, कुठल्याच प्राण्याला न देता, शंभरावर माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. प्राण्यांवरच्या टेस्टचा कायदा त्यातूनच आला. थॅलिडोमाइड या गरोदर बायकांना दिलेल्या औषधामुळे दहा हजारांच्या आसपास मुलं हातापायांचे आणि इतर दोष घेऊन जन्मली कारण गाभण प्राण्यांवर कोणी बघितलंच नव्हतं. ज्यांना घाई आहे त्यांनी हे विसरू नये एवढंच म्हणणं आहे.

*

पेशीवाला_पुणे:

सर, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण अर्धा तो खराच आहे. ९० दिवसांची टेस्ट, प्रजननाची टेस्ट, कॅन्सरची टेस्ट, यांना आज एकास एक बदली नाही. ताईंचा टनेज वाढून १०० च्या वर गेला तर तिथे प्रश्न येणारच, तेव्हाही आधी एजन्सीकडे प्रस्ताव टाकावा लागतो, तो ४५ दिवस लोकांपुढे खुला असतो, कोणाकडे डेटा असेल तर द्या म्हणून.

पण उदाहरणांबद्दल थोडं बोलतो. डायइथिलीन ग्लायकॉलचं म्हणाल तर १९८६ ला मुंबईत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले ते त्यानेच, ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं होतं. तोवर हे विष आहे हे जगाला पन्नास वर्षं माहीत होतं. तिथे कमी पडली ती साधी ओळख पटवायची टेस्ट, जी टीएलसी नावाच्या साध्या, स्वस्त प्लेटवर होते. आणखी कितीही उंदीर मारले असते तरी ते वाचले नसते. आणि थॅलिडोमाइडमध्ये गाभण प्राण्यांवर बघितलं नव्हतं हे खरं, पण नंतर बघितलं तेव्हा उंदीर बऱ्यापैकी सुटले आणि न्यूझीलंड सशांमध्ये मात्र हातापायांचे दोष दिसले. म्हणजे कुठला प्राणी माणसासारखा वागेल हे आधी कळत नाही, अडचण तीच आहे. २००६ ला लंडनमध्ये एक अँटिबॉडी माकडांमध्ये सुरक्षित ठरून सहा निरोगी तरुणांना दिली, सगळे आयसीयूत गेले.

लिव्हर नसतं म्हणालात, तर आता असतं. माणसाच्या लिव्हरच्या पेशी चिपमधल्या बारीक नळ्यांत, रक्तासारखा प्रवाह चालू ठेवून. २०२२ मध्ये एक अभ्यास छापून आला, २७ औषधं आणि ८७० चिप, लिव्हर खराब करणारी औषधं त्या चिपनी ८७ टक्के वेळा पकडली, आणि त्यातली बरीचशी प्राण्यांच्या टेस्टमधून आधी सुटलेली होती. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेने औषधाला प्राण्यांवरची टेस्ट हवीच ही १९३८ पासूनची अट काढली, आणि मार्च २०२३ मध्ये आपल्या सरकारनेही नवीन औषधांच्या नियमात चिप, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवलेसे अवयव) वगैरे पद्धतींना जागा दिली. लगेच सगळं बदललं असं नाही, पण दार कायद्याने उघडलंय.

आमच्याकडेही सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याच पेशी गाईच्या गर्भाच्या रक्तातून काढलेल्या सीरमवर वाढवतात. जनुकांत बिघाड होतो का बघणारी एम्स टेस्ट बॅक्टेरियावर होते पण त्यात घालायचं लिव्हरचं मिश्रण बहुतेक वेळा उंदराचंच. सीरमशिवायची माध्यमं आलीत, माणसाच्या लिव्हरचं मिश्रणही मिळतं, फक्त मागणी करायला लागते.

ताई, यावरून तुम्हालाही एक खरं सांगून ठेवतो, ॲक्यूट ओरल अजून उंदरांवरच आहे. पण जुनी एलडी ५०, ज्यात डझनांनी उंदीर मरेपर्यंत डोस द्यायचे, ती ओईसीडीने २००२ मध्येच काढून टाकली. आता पायरीपायरीने मोजक्याच उंदरांवर करतात, आणि सुरुवातीचा डोस ठरवायला आधी पेशींवर टेस्ट केली तर उंदीर आणखी कमी लागतात. कोटेशनमध्ये ४२३ किंवा ४२० लिहिलंय का बघा. त्वचेवाटेची ॲक्यूट टेस्ट घातली असेल तर खोडा, या पट्ट्यात ती लागत नाही.

*

फार्मा_तीस_वर्षं:

जे. जे. चं बरोबर आहे. मी तेव्हा कॉलेजला होतो, पेपरात रोज यायचं. चिपचा तो अभ्यास वाचतो मी. माझा मुद्दा दीर्घकाळच्या टेस्टचा होता तो तुम्ही मान्य केलात, बाकी माझं काही म्हणणं नाही.

*

बीफार्म_तिसरं_वर्ष:

पेशीवाला सर, या फील्डमध्ये यायचं असेल तर कुठून सुरुवात करू? आमच्या कॉलेजात फार्माकोलॉजीचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर होतं, बेडूक उंदीर काही नाही, त्यामुळे सिनियर म्हणतात तुम्हाला हाताला सवयच नाही.

*

पेशीवाला_पुणे:

सिनियरना म्हणावं सवय पिपेटची लागते. सेल कल्चर शिक, महिनाभर कंटॅमिनेशनशिवाय फ्लास्क टिकवता आला की अर्धं जमलं. पुण्यात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, देशाची पेशींची बँक तिथेच, त्यांच्या वर्कशॉपवर लक्ष ठेव.

*

खेडची_केमिस्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय कारण मधे बरंच झालं.

कस्टमरला कलम १८ चं विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की त्यांच्याकडे पावडर गोणीतून टाकीच्या उघड्या तोंडातून (मॅनहोल) आत ओततात, बंदिस्त सिस्टीम नाही, त्यामुळे ते लेखी देऊ शकत नाहीत. म्हणजे तो रस्ता बंद. इन्क्वायरीत कळलं की हा पदार्थ कोणीच रजिस्टर केलेला नाही. पण ऱ्हाईनकाठ दादांनी मेलवर सुचवलं म्हणून शोधलं तर एका मिथाइल गटाचा फरक असलेला भाऊबंद रजिस्टर झालेला आहे आणि त्याचा ओरलचा डेटा आहे, तर त्यावरून रीड अक्रॉस, म्हणजे त्याचाच डेटा आमच्या पदार्थाला लावणं जमतं का ते ओन्ली रिप्रेझेंटेटिव्हवाले बघतायत. जमलं तर उंदीरही लागणार नाहीत. अजून नक्की नाही.

साहेबांपुढे मी दयेचं काहीच बोलले नाही. परिशिष्ट ७ ची प्रिंट काढली, त्यातल्या ओळी पिवळ्या केल्या आणि समोर ठेवली. म्हटलं सर, ससे केले तर रिपोर्टसोबत कारणं द्यावी लागतील. पेशींचं कोटेशन थोडं जास्त आलं होतं, त्यांनी पाच मिनिटं आकडे बघितले आणि म्हणाले मग हेच कर, मला परत परत खर्च नकोय. बस एवढंच. मी इतके दिवस झोपेत वाद घालत होते त्यांच्याशी.

पीएच ५.८ आला. आणि एक राहिलं होतं सांगायचं, पॅकिंगला जी मुलं आहेत त्यातल्या दोघांच्या मनगटाला मागच्या वर्षी खाज येऊन पुरळ उठलं होतं, ग्लोव्हजच्या वरच्या बाजूला. तेव्हा आम्ही घाम म्हणून सोडून दिलं. आता सेन्सिटायझेशनचं वाचल्यावर पोटात गोळा आला. हे लॅबला सांगायचं असतं का?

*

पेशीवाला_पुणे:

सांगायचंच, आणि लॅबच्या आधी तुमच्या फॅक्टरी डॉक्टरला. माणसांत दिसलेलं सगळ्यात वजनदार धरतात, त्या दोघांचं पॅच टेस्टिंग (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी बघणं) स्किनच्या डॉक्टरकडून झालं तर ते रजिस्ट्रेशनच्या डोसियरमध्ये जाऊ शकतं, त्यांची संमती घेऊन. तोवर त्यांना त्या कामावरून हलवा आणि बाकीच्यांना लांब बाहीचे ग्लोव्हज द्या, टेस्टच्या निकालाची वाट बघू नका.

तीनपैकी पहिली टेस्ट आधी लावायला सांगा लॅबला, तिला टिश्यू लागत नाही, परदेशातून यायची वाट बघावी लागत नाही, आठवड्याभरात अंदाज येईल. स्किन आणि डोळ्याचे तुकडे बाहेरून थंड डब्यात येतात आणि मोजके दिवसच टिकतात, तर तारीख पक्की झाल्याशिवाय मागवू देऊ नका. आमचा एक डबा मधेच कुठेतरी चार दिवस अडकला होता, उघडला तेव्हा सगळं मेलेलं. गणपतीच्या सुट्ट्या मधे येणार नाहीत असा आठवडा निवडा.

*

खेडची_केमिस्ट:

दोघांना आजच लेबलिंगच्या स्टोअरला हलवलं, सोमवारी चिपळूणला स्किनच्या डॉक्टरकडे नेतेय. एमटीटी आमच्या क्यूसीत नाही, मागवलंय, आलं की पावडर टाकून बघते निळी पडते का ते, आणि इथेच कळवते.